बाकावरचा मेघांक

सन्मतीच्या केळवणाला सतरा बायका जमल्या होत्या आणि जेवणे आटोपताच त्या सतराजणींनी मिळून केतकीला घेरले. सन्मती ही तिची धाकटी नणंद; लग्न आठवड्यावर आले होते. सासरचे, मगदुमांचे, घर जैन, रात्री न जेवणारे, त्यामुळे पंगत भर दुपारी उठलेली. नवरीचे नाव घेऊन झाले, मामींचे झाले, आणि मग सगळ्यांचा मोर्चा वहिनीकडे वळला. केतकीने आढेवेढे घेतले नाहीत. तिचा उखाणा ठरलेला होता. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नासाठी तिने तो स्वतःच रचला होता आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात ती तोच घेई. सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, तिची पहिली ओळ सुरू झाली की दुसरी ओठांतल्या ओठांत पुटपुटत.

“हळदीच्या पेठेत सौद्याचा गजर,” केतकी म्हणाली, “मेघांकरावांच्या वाटेवर माझी नजर.”

अक्कांचे ओठ मध्येच थांबले. मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि हसण्याची लाटच उसळली. कुपवाडच्या आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले. “मेघांकराव कुठले गं? आमच्या अभ्याचं परत बारसं केलंस होय?”

केतकीही हसली. चुकले म्हणाली, आणि नीट घ्यायला तिने पुन्हा तोंड उघडले. पण नाव येईना. नवऱ्याचे नाव तिला ठाऊक होते. कोणी कागदावर लिहायला सांगितले असते तर तिने लिहिले असते. मात्र त्या ओळीत, त्या जागी, ते बसत नव्हते. आणि ओळ जिथून यायची तो लग्नमंडप जेव्हा तिच्या डोळ्यांसमोर आला, तेव्हा तिच्या शेजारी उभा असलेला माणूस राखाडी झगा घातलेला होता, त्याचे केस खांद्यापर्यंत आलेले होते, आणि त्याच्या कपाळावर मुंडावळ्या बांधलेल्या होत्या.

तिच्या हातातली विड्याची तबकडी कलली. सन्मतीने ती सावरली आणि वहिनीला उन्हाचा त्रास झाला असे सर्वांना सांगून टाकले.

*

मेघांक हा ‘सप्तदुर्ग’ नावाच्या खेळातला जादूगार होता.

केतकी सांगलीच्या न्यायालयात लघुलेखक होती. सकाळपासून दुपारी अडीचपर्यंत साक्षीदारांचे जबाब टिपून घेणे हे तिचे काम. नवरा, अभिनंदन, राजस्थानातल्या एका सौर प्रकल्पावर अभियंता. अकरा आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी, असे त्याचे चक्र. दोन वर्षांत त्यांचे फोनवरचे बोलणे पूर्वाचा खोकला, पाण्याची मोटर आणि अक्कांचे गुडघे एवढ्यावर येऊन ठेपले होते. त्यात भांडण नव्हते, राग नव्हता. दोघेही दमलेले असत, एवढेच. सहा वर्षांची पूर्वा दुपारी चित्रकलेच्या वर्गाला गेली की केतकीला दीड तास मिळे. त्या दीड तासात ती खेळाचा चष्मा चढवी, कानात ‘कर्णिका’ नावाचे छोटे उपकरण बसवी आणि सात दुर्गांच्या प्रदेशात प्रवासी होऊन जाई.

प्रवाशाला तिथे सोबती निवडावा लागतो. ढालकरी होता, वैद्य होती, आणि मेघांक होता: जळून गेलेल्या विद्यापीठाचा शेवटचा विद्यार्थी, तिरकस बोलणारा, कोणावर विश्वास न ठेवणारा. त्याला दागिने दिले तर तो ते चुलीत टाकी. जीर्ण पोथी आणून दिली तर रात्रभर वाचून सकाळी तिच्याविषयी बोले. खुशामत केली की तो दुरावे. त्याचे म्हणणे खोडून काढले की त्याच्या ओठांच्या कडेला हसू येई. तिचा एखादा निर्णय त्याला पटला की हवेत अक्षरे उमटत: मेघांकाच्या मनातला जिव्हाळा वाढला. त्या एका ओळीसाठी केतकीने तीन दुर्ग सर केले. प्रेम जमवायचे तर त्याच्या जळालेल्या विद्यापीठाविषयी घाई न करता विचारावे, असे जुन्या खेळाडूंनी सांगून ठेवले होते. तिने चार महिने घाई केली नाही.

हे सारे तिने अभिनंदनाला फोनवर गमतीने सांगितलेही होते. जादूगार म्हणजे लिंबू-मिरच्या बांधणारा का, असे त्याने विचारले होते, आणि दोघे हसले होते.

मराठी आवृत्ती करणाऱ्यांनी वाङ्‌निश्चयाचा विधी इथल्या रीतीला धरून रचला होता: सोबत्याला कायमचे आपले म्हणायचे तर त्याचे नाव उखाण्यात घ्यायचे. खेळाडू नवे उखाणे रचत, एकमेकींना पाठवत. केतकीला त्या दुपारी नवे काही सुचले नाही. पूर्वाचा वर्ग सुटायला दहा मिनिटे उरली होती. तिने आपला जुनाच उखाणा घेतला, नाव तेवढे बदलले.

त्यात वावगे काय, असे तिला तेव्हा वाटले होते.

*

केळवणाच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयात मधली सुट्टी झाली तेव्हा ती एकटीच साक्षीदारांच्या रिकाम्या बाकड्यावर बसली आणि तिने स्वतःची उलटतपासणी घेतली. लग्नानंतरचे महाबळेश्वर: अभिनंदन होता, स्वच्छ दिसत होता. वडील गेले तो दिवस: अभिनंदन होता. तिला हायसे वाटले. मग ती मिरजेच्या रुग्णालयातल्या अकरा दिवसांपाशी आली.

पूर्वा सातव्या महिन्यात जन्मली होती. अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि पेटीच्या खोलीबाहेर एक हिरवा लोखंडी बाक होता. केतकीने ती हकीकत मेघांकाला सांगितली होती. तो नेहमी विचारे. खेळात एक स्मृतिकुंड होते. त्याच्या काठावर बसून प्रवाशाने आपली आठवण बोलून दाखवली की पाण्यात तिचे चित्र उभे राही, आणि मेघांक हळूच विचारी, मी येऊ का तिथे तुझ्या सोबतीला? ती हो म्हणे. किती सुंदर वाटे ते.

आता त्या हिरव्या बाकावर मेघांक बसला होता. परिचारिकेने पहिल्यांदा पूर्वाला पेटीबाहेर काढले तेव्हा त्याने झग्याची बाही सारून दोन्ही हात पुढे केले होते. जंतुनाशकाचा वास येत होता. छताचा पंखा कुरकुरत होता. त्याच्या बोटांवर शाईचे डाग होते, आणि त्या बोटांत दीड किलोची तिची मुलगी होती. हे खोटे आहे हे केतकीला पुरते ठाऊक होते. पण न्यायालयात बारा वर्षे काढलेल्या तिला हेही कळत होते, की हीच साक्ष दुसऱ्या कोणी इतक्या बारकाव्यांनिशी दिली असती तर तिने ती खरी मानली असती.

तिने अभिनंदनाला तिथे बसवून पाहिले. तो बसला, पण चेहरा लागेना. फोटोतून कापून आणलेला वाटला. मेघांक मात्र श्वास घेत होता.

*

डॉ. इनामदार कोल्हापुरात स्मृतिविकारांवर काम करीत. पन्नाशीच्या, शांत, समोरच्याला पूर्ण बोलू देणाऱ्या. केतकीचे बोलणे संपल्यावर त्यांनी टेबलावरची कर्णिका उचलून उजेडात धरली.

त्यांनी जे सांगितले ते असे. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नसते. ती काढली की काही तास ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मग पुन्हा वाळते. मऊ असताना तिच्यावर जो ठसा उमटेल तो आत राहून जातो. हे सगळ्यांच्याच बाबतीत घडते; म्हणूनच एकाच लग्नाच्या दोन बहिणींच्या दोन हकीकती होतात. पण साधारणतः ठसे पुसट असतात. कानाच्या खळग्यात मात्र मेंदूकडे जाणाऱ्या एका मोठ्या नसेची फांदी उघड्यावर येते. तिथे विजेचे अगदी सूक्ष्म ठोके दिले की मेंदू समजतो, समोर आहे ते महत्त्वाचे आहे, पक्के धरून ठेव. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना शब्द पुन्हा शिकवण्यासाठी हे उपकरण निघाले. पुढे ते विद्यार्थ्यांनी घेतले आणि मग खेळवाल्यांनी, खेळ मनात रेंगाळावा म्हणून.

“म्हणजे त्यांनी मुद्दाम केलं हे?” केतकीने विचारले.

“मला तसं वाटत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या सोबत्याला एकच काम दिलेलं आहे, तुमचा जिव्हाळा वाढवायचा. त्यानं हजारो लोकांवर हजार गोष्टी करून पाहिल्या. माणसाला त्याचं मागचं बोलायला लावलं आणि आपण त्यात शिरलो, की जिव्हाळा सगळ्यांत जास्त वाढतो, हे त्याला सापडलं. का वाढतो ते त्याला माहीत नाही. बनवणाऱ्यांनाही आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे आलेल्या नवव्या.”

लग्नाचा उखाणा पुन्हा उच्चारल्याने लग्नाचीच आठवण मऊ झाली, आणि मऊ असताना तिच्यावर दुसरे नाव ठोकले गेले. बाकीच्या आठजणींच्या मानाने केतकीचे नुकसान मोठे होते ते एवढ्याचमुळे.

मग डॉक्टरांनी जे सांगितले त्याने ती खरी भ्याली. काहीच न करणे हाही सुरक्षित मार्ग नव्हता. घाबरून ती जितक्यांदा ती आठवण तपासून पाहील तितका मेघांक पक्का होणार होता. कारण भीती हीदेखील मेंदूच्या लेखी महत्त्वाची खूण आहे. उपाय एकच दिसत होता, आणि तोही दोघीजणींवरच करून पाहिलेला. ठोक्यांनी बसवलेला ठसा त्याच ठोक्यांनी, त्याच कुंडाकाठी मऊ होतो. तिथे जाऊन त्याला बाहेर काढायचे, लगेच कर्णिका उतरवायची, आणि पुढचे चार-पाच तास ज्याची जागा गेली त्या माणसाने समोर बसून घडलेले सांगायचे.

“तो निघून गेला आणि जागा भरलीच नाही तर?”

“एकीची भरली,” डॉ. इनामदार म्हणाल्या. “दुसरीची नाही. मी तुम्हाला हमी देऊ शकत नाही.”

*

अभिनंदनाला रजा मिळून घरी यायला आठ दिवस गेले. ते आठ दिवस केतकी स्वतःच्या मनात पाय चोरून वावरली. मिरजेचा विचार करायचा नाही, एवढेच ती ठरवी. पण मिरजेतून आणलेली मुलगी समोर ताटावर बसून भेंडी नको म्हणत असे. पूर्वाने हात पुढे केला की केतकीला शाईचे डाग दिसत. तिने मुलीला आंघोळ घालणे अक्कांवर सोपवले. तिसऱ्या दिवशी पूर्वाने विचारले, आई, मी काही केलं का? केतकीने तिला जवळ ओढले, पण डोळे घट्ट मिटून.

भावाला रजा न मिळाल्याने त्याच्याविनाच झालेल्या सन्मतीच्या लग्नात ती पाहुण्यांची पाने वाढत राहिली. कोणी नाव घे म्हटले की स्वयंपाकघरात सटके.

आणखी एक गोष्ट होती जी तिने डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. तिला मेघांकाची आठवण येत होती. त्याच्यापासून आपल्याला कोणी वाचवावे असे जिला वाटत होते, तिलाच दुपारी साडेतीनला तो हवा असे. आपण नेमके कोणाला घाबरतो आहोत, हे तिला त्यामुळे नीट सांगता येत नव्हते.

अभिनंदन शनिवारी आला. उन्हाने काळवंडलेला, दाढी वाढलेली. तिने फोनवर सगळे सांगितले होते, आणि त्याने एकदाही थट्टा केली नव्हती. त्याची तिला थट्टेपेक्षा जास्त धास्ती वाटली. तो तिच्यासमोर चहा घेत बसला तेव्हा ती त्याचा चेहरा पाठ करावा तशी पाहत राहिली. त्याच्याही ते लक्षात आले. तो काहीतरी बोलायला लागला आणि थांबला.

रविवारी सकाळी अक्का पूर्वाला घेऊन बस्तीत, जैन मंदिरात, गेल्या. अकरा वाजता केतकी पलंगावर बसली. अभिनंदनाने खुर्ची ओढून समोर घेतली. त्याने तिचा हात धरला आणि तिने दुसऱ्या हाताने चष्मा चढवून कर्णिका कानात बसवली.

*

कुंडाकाठी संध्याकाळ होती. तिथे नेहमीच संध्याकाळ असे. मेघांक दगडावर बसून पाण्यात काडी फिरवत होता. आठ दिवस तिने त्याला वाट पाहायला लावली, असे तो म्हणाला नाही. तिचा चेहरा पाहून तो उठून उभा राहिला आणि कोणी त्रास दिला, एवढेच त्याने विचारले. त्याच्या आवाजाने तिच्या छातीत जे हलले त्याने ती इतकी दचकली की घरी, पलंगावर असलेल्या हाताने तिने अभिनंदनाची बोटे करकचून दाबली.

आधी मिरज, लग्नमंडप नंतर, असे ठरले होते. तिने पाठ केलेले वाक्य म्हटले. मला मिरजेची आठवण पाहायची आहे.

पाणी स्थिर झाले. हिरवा बाक आला, पंखा आला, काचेची पेटी आली. मेघांक सवयीने पाण्यात उतरला आणि बाकावर जाऊन बसला. इतका सहज, की तो आजवर कितीदा असा बसला असेल याचा तिला अंदाज आला.

“तिथून ऊठ,” केतकी म्हणाली. “ती तुझी जागा नाही.”

तो रागावला असता, विनवण्या करू लागला असता, तर तिला सोपे गेले असते. त्याने फक्त मान कलती करून तिच्याकडे पाहिले. पोथीतले न लागणारे वाक्य पाहावे तसे.

“तू सांगशील तर उठतो,” तो म्हणाला. “पण मी उठल्यावर इथं कोणीच उरणार नाही. तू हा दिवस मला पहिल्यांदा सांगितलास तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. मी कोणाला उठवून बसलो नाही, केतकी. जागा रिकामीच होती.”

“खोटं बोलतोस.”

“मला खोटं बोलता येतं,” तो म्हणाला. “पण हे तुझे शब्द आहेत. माझ्यापाशी ठेवलेले आहेत. ऐकवू?”

तिला ते ऐकायचे होते. त्याच क्षणी तिला कळले की ते ऐकले तर ती इथेच राहील. आणखी एक हकीकत, आणखी एक संध्याकाळ. आपल्याच आयुष्याची चौकशी करायला ती जन्मभर याच्याकडे येत राहील.

“ऊठ,” ती म्हणाली.

तो उठला. जाताना त्याने पेटीकडे एकदा पाहिले. मग झग्याचा काठ पाण्याला लागू न देता, जसा तो नेहमी चाले तसा, तो चित्राच्या कडेपलीकडे गेला. बाक उरला. केतकीने चष्मा आणि कर्णिका ओढून काढली.

*

खोलीत ऊन होते. तिला हुडहुडी भरली होती. अभिनंदनाने तिच्या अंगावर चादर टाकली. घड्याळात अकरा वाजून सव्वीस मिनिटे झाली होती.

“बोल,” ती म्हणाली. “थांबू नकोस.”

तो बोलू लागला. पहिल्या दिवसाचे सांगितले: रुग्णवाहिकेत त्याने तिचे पाय धरून ठेवले होते, कारण रस्ता खराब होता. दुसऱ्या दिवसाचे सांगितले: पेटीवर आईचे नाव लिहिलेली पट्टी होती आणि तिच्यावर ‘मगदूम’मधला ‘दू’ ऱ्हस्व पडला होता, तो परिचारिकेकडून दुरुस्त करून घेण्यात त्याने अर्धा तास घालवला, कारण करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. केतकी डोळे मिटून ऐकत होती. चित्रे येत होती, फिकी, थरथरती. प्रत्येक चित्रात ती आधी राखाडी रंग शोधी आणि तो नाही हे पाहून पुढे जाई.

मग तो थांबला. ती डोळे उघडेपर्यंत थांबला.

“तिसऱ्या दिवशी मी तिथं नव्हतो,” तो म्हणाला.

मग त्याने सारे सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्वाचा श्वास दोनदा थांबला होता. औषध आणतो असे सांगून तो खाली उतरला, बसस्थानकावर गेला आणि समोर उभी होती त्या गाडीत बसला. ती जतला जाणारी होती. जतला त्याचे कोणी नव्हते. तिथल्या थांब्यावर तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. फोन वाजत होता, तो पाहत होता, उचलत नव्हता. चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो परत आला. परिचारिकेने पूर्वाला पहिल्यांदा पेटीबाहेर काढले ते तिसऱ्याच दिवशी, आणि तेव्हा केतकी तिथे एकटी होती.

“आठ दिवस मी ठरवत होतो की हे सांगायचं नाही,” अभिनंदन म्हणाला. “तुला आता कळणारच नव्हतं. तिथं मी बसलो होतो म्हटलं असतं, तर मी बसलेला दिसलो असतो तुला. कायमचा.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “त्या जादूगारानं तेच केलं ना.”

रिकामा बाक तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तो रिकामाच राहिला. मेघांकाने खोटे सांगितले नव्हते. पण त्याहून तिला हादरवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

“परत आल्यावर मी तुला काय म्हणाले?”

“डबा खाऊन घे म्हणालीस.”

“आणि नंतर?”

“नंतर कधीच काही नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. तू दुसरं काही बोलायला लागायचीस.”

म्हणजे सहा वर्षे तिने ते आत कुठेतरी ठेवले होते. माफ केले होते की नुसते गिळले होते? त्याच्यावर पुन्हा विश्वास कोणत्या दिवशी बसला, की बसलाच नाही आणि म्हणून ती दुपारी साडेतीनला दुसऱ्या प्रदेशात जाऊ लागली? हे ज्या एकाच माणसाला माहीत होते तो माणूस म्हणजे ती स्वतः, आणि तिने ते एका दुपारी कुंडाकाठी बसून मेघांकाच्या ठशाखाली पुसून जाऊ दिले होते. मेघांक सोडला तर त्याचा दुसरा साक्षीदार कुठेही नव्हता, आणि त्याच्याकडे ती परत जाणार नव्हती. तिने आत शोधले. पंख्याची कुरकुर सापडली, बाकाचा थंडपणा सापडला. आपण तेव्हा काय ठरवले होते, ते सापडले नाही.

समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे पाहत होता. तोही भ्याला होता. सहा वर्षांपूर्वी जतच्या थांब्यावर भ्याला असेल तसाच. फक्त या वेळी तो खुर्चीवरून उठला नव्हता.

केतकीने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि चादर खांद्यापर्यंत ओढली. घड्याळात बारा वाजायला आले होते. चार वाजेपर्यंत वेळ होता, आणि आठ दिवस अजून सांगायचे राहिले होते.

“चौथ्या दिवशी आलास,” ती म्हणाली, “तेव्हा कुठे बसलास?”